निवडींची नॉयर कथा: ट्वाइनमध्ये पहिल्या ओळीपासून शेवटच्या फाइलपर्यंत

नॉयर, म्हणजे गुन्ह्याभोवती फिरणारी काळोखी कथा, करायची म्हटलं की विद्यार्थी आधी पाऊस, टोपी, सिगारेटचा धूर आणि खिडकीच्या पट्ट्यांची सावली गोळा करायला लागतात. ही सामग्री एका दुपारी जमते आणि कथा मात्र तिथेच अडकते, कारण यातल्या कशामुळेही पुढे काय घडणार ते ठरत नाही. नॉयर चालते ती एका गोष्टीवर. एक माणूस, चूक होतेय हे अर्धवट कळत असताना, एक पाऊल टाकतो. त्यानंतर त्याच्यापुढच्या वाटा एकेक करून बंद होत जातात.

डिजिटल कथेत हे फार नेमकं दाखवता येतं. छापील पानावर आपण त्या माणसाला चुकताना पाहतो. पडद्यावर पर्याय आपणच निवडतो, त्यामुळे चुकीत आपलाही हात असतो. म्हणून पहिल्या प्रयोगासाठी व्हिडिओपेक्षा निवडींची कथा घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. साधन म्हणून ट्वाइन उत्तम. २००९ साली ख्रिस क्लिमस यांनी तयार केलेलं हे मोफत, मुक्तस्रोत साधन आहे. थेट ब्राउझरमध्ये चालतं, आणि शेवटी हातात येते ती एक एचटीएमएल फाइल, म्हणजे वेबपानाची फाइल, जी फोनच्या ब्राउझरमध्येही चालते.

परंपरा, कामापुरती

१९२० साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त कागदावरच्या मासिकातून रोखठोक, कमी शब्दांत बोलणारी गुन्हेकथा घडत गेली. १९४५ मध्ये पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने मार्सेल ड्युआमेल यांच्या संपादनाखाली ‘सेरी नुआर’ ही पुस्तकमाला काढली. पुढच्याच वर्षी नीनो फ्रँक या समीक्षकाने अमेरिकी गुन्हेपटांना ‘फिल्म नुआर’, म्हणजे काळा चित्रपट, म्हटलं; आपण ज्याला नॉयर म्हणतो तो हाच शब्द. ते चित्रपट बनवणारे त्या काळात स्वतः हा शब्द वापरत नव्हते. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून हॉलिवूडला आलेल्या दिग्दर्शकांनी आणि छायालेखकांनी कडक प्रकाश आणि तिरक्या चौकटी आणल्या. कमी बजेटच्या चित्रपटांत अंधाराचा आणखी एक उपयोग होता: तोकडा सेट झाकला जायचा. तुमच्या घरातल्या खोलीत फोटो काढताना हे लक्षात ठेवा, फार उपयोगी पडेल.

हेरकथेपासूनचा फरकही आधीच पक्का करून घ्या. हेरकथेत शेवटी कोडं सुटतं आणि विस्कटलेलं जग पुन्हा जागेवर बसतं. नॉयरमध्ये सत्य कळलं तरी काहीच जागेवर बसत नाही. उलट सत्य कळण्याचीच किंमत मोजावी लागते. तुमच्या आराखड्यात शेवटी गुन्हेगार सापडून सगळे सुटकेचा श्वास टाकत असतील, तर ती चांगली हेरकथा असू शकते. नॉयर मात्र नाही.

पहिली चूक वाचकाच्या हाती देऊ नका

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. एका गोदामाच्या सीसीटीव्ही कक्षात रात्रपाळीला बसणारी ऑपरेटर. जुन्या सहकाऱ्याचा फोन येतो: “दोन वाजून दहा ते दोन चौदा. चारच मिनिटं. एवढं पूस.” ती पुसते. दुसऱ्या दिवशी कळतं की त्याच फाटकावरच्या पहारेकऱ्यावर चोरीचा आळ आलाय, आणि तो निर्दोष असल्याचा एकमेव पुरावा त्या चार मिनिटांत होता.

नवशिका लेखक इथे पहिलाच प्रश्न ठेवतो: फुटेज पुसायचं का? हो किंवा नाही. शहाणा वाचक ‘नाही’वर क्लिक करतो आणि कथा संपते. मग लेखक ‘नाही’ निवडलं तरी काहीतरी ओढूनताणून घडवून वाचकाला परत पुसण्याकडे ढकलतो. वाचकाला ते लगेच कळतं आणि पुढच्या एकाही पर्यायावर त्याचा विश्वास बसत नाही.

उपाय सोपा आहे. कथा पुसून झाल्यावर सुरू करा. पहिल्याच वाक्यात फुटेज गेलेलं असावं. वाचकाला निवडायचं आहे ते त्या चुकीसोबत कसं जगायचं ते: एक प्रत गुपचूप ठेवली होती का, सहकाऱ्याला परत फोन करायचा का, रजिस्टरमधली नोंद बदलायची का. यातला प्रत्येक पर्याय त्या क्षणी शहाणपणाचा वाटला पाहिजे. एक चांगला आणि एक वाईट अशी जोडी ठेवलीत तर ती परीक्षा होते, नॉयर होत नाही. ‘नोंद बदल’ हा पर्याय वाचकाला पटावा म्हणून त्याआधीच्या पॅसेजमध्ये (ट्वाइनमध्ये कथेच्या एका पानाला पॅसेज म्हणतात) तिची भीती ठोस करा: सकाळी सात वाजता सुपरवायझर रजिस्टर तपासतो, आत्ता पावणेसहा वाजलेत.

लिहायला बसण्याआधी चार गोष्टी एकेका वाक्यात लिहून काढा. तिला काय हवंय. ते का मिळत नाहीये. तिने आधीच काय केलंय. हे कोणाला कळलं तर तिचं सर्वांत जास्त नुकसान होईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नुसतं ‘पैसे नाहीत’ असं आलं तर आणखी खोदा. पैशाची अडचण कथेला सुरुवात देते, पण दुसरं आणि तिसरं पाऊल पैशासाठी पडत नाही. ते पडतं पहिलं लपवण्यासाठी.

माणसाला मोहात पाडून बुडवणारी बाई हा नॉयरमधला जुना साचा आहे. वापरायचा असेल तर त्या व्यक्तीला, बाई असो वा पुरुष, स्वतःची गरज द्या. आपल्या उदाहरणातला सहकारी नुसता खलनायक असेल तर पर्याय सोपे होतात. तोही कोणाच्या तरी धाकात असेल तर त्याला नकार देणं अवघड जातं, आणि आपल्याला ते अवघडपणच हवंय.

फांद्यांचा हिशेब

प्रत्येक निवडीला दोन फाटे आणि कुठेही जोड नाही, अशी रचना केली तर चार निवडींना १ + २ + ४ + ८ + १६ म्हणजे ३१ पॅसेज लागतात. पाचवी निवड घातली की ६३. वाचक एका वाचनात त्यातले पाच-सहाच पाहतो. बहुतेक विद्यार्थ्यांचे प्रकल्प इथेच अर्धवट राहतात. उरलेले वेळ संपत आल्यामुळे शेवटी शेवटी दोन-दोन ओळींचे पॅसेज टाकून उरकले जातात.

म्हणून फाटे फोडा आणि परत जोडा. आपल्या कथेचा आराखडा असा:

पहिला पॅसेज, पहाटेचा कक्ष, तीन पर्याय. त्यांचे तीन पॅसेज.
तिन्ही वाटा चौकशीच्या खोलीत येतात. तिथे दोन पर्याय, प्रत्येकी दोन पॅसेजची वाट.
दोन्ही वाटा पहारेकऱ्याच्या घरी. पुन्हा दोन पर्याय, प्रत्येकी एक पॅसेज.
मग एक जोडपॅसेज, आणि आधीच्या निवडींनुसार तीनपैकी एक शेवट. प्रत्येक शेवट दोन पॅसेजचा.

एकूण १९ पॅसेज. एका वाचनात १० दिसतात. प्रत्येक पॅसेज १०० ते १२० शब्दांचा धरला तर लिहायचे शब्द साधारण २०००, आणि वाचकाला एका फेरीत हजार-बाराशे. फोनवर एका बैठकीत वाचून होतं आणि दुसरा शेवट बघायला पुन्हा सुरू करावंसंही वाटतं.

पर्यायांची संख्या बघा: तीन, दोन, दोन. शेवटच्या जोडपॅसेजमध्ये एकच लिंक ठेवा. तिथे निवड नाही, तरी क्लिक वाचकालाच करावं लागतं. वाटा बंद होत गेल्याची जाणीव कथेच्या या बांधणीतूनच व्हावी. ती वाक्यात सांगायची नाही. ‘आता तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता’ हे वाक्य लिहिलंत तर ते खोडा, एकटी लिंक तेच सांगतेय.

वाटा जोडल्या की आधीची निवड वाया गेली असं वाचकाला वाटण्याचा धोका असतो. यासाठी जोडपॅसेजमध्ये एखादं वाक्य बदला. रजिस्टरमधली नोंद बदलली असेल तर चौकशी अधिकारी रजिस्टर समोर ठेवून बोलतो. सहकाऱ्याला फोन केला असेल तर कॉलची यादी समोर ठेवतो. नुसतं एक वाक्य वेगळं, पण वाचकाला आपला ठसा तिथे दिसतो.

ट्वाइनमधली मांडणी

नवी कथा उघडल्यावर आधी स्टोरी फॉरमॅट, म्हणजे कथा पडद्यावर चालवणारा साचा, ठरवा. ट्वाइन आपणहून हार्लो देतं आणि नुसत्या मजकुराच्या कथेला ते पुरेसं आहे. पण आवाज वापरायचा असेल तर शुगरक्यूब घ्या, कारण त्यात ध्वनीची सोय मुळातच आहे. हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. साध्या लिंक दोन्हीकडे चालतात, पण अटी आणि व्हेरिएबल (वाचकाने आधी काय निवडलं ते लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) लिहिण्याची पद्धत वेगळी असल्याने मध्येच फॉरमॅट बदलला तर ते सगळं पुन्हा लिहावं लागतं.

लिंक दुहेरी चौकटी कंसात लिहायची: [[रजिस्टर उघड->नोंद]]. बाणाच्या डावीकडे वाचकाला दिसणारे शब्द, उजवीकडे पॅसेजचं नाव. पॅसेजची नावं देवनागरीत चालतात, पण ती छोटी ठेवा. ‘नोंद’ आणि ‘नोंद ’ (शेवटी मोकळी जागा) यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पॅसेजची नावं हाताने पुन्हा टाइप करू नका, कॉपी करून चिकटवा. व्हेरिएबलची नावं मात्र रोमन लिपीत लिहा.

या कथेला तीनच व्हेरिएबल लागतात: प्रत ठेवली आहे का, नोंद बदलली आहे का, पहारेकऱ्याला खरं सांगितलं का. तिन्हींची सुरुवातीची किंमत ‘नाही’ अशी शुगरक्यूबच्या स्टोरीइनिट (StoryInit) या खास पॅसेजमध्ये लिहून ठेवा. त्या पॅसेजचं नाव रोमनमध्ये, मोठी-लहान अक्षरं बरोबर आणि मध्ये जागा न सोडता लिहिलं तरच तो चालतो. ही सुरुवातीची किंमत द्यायची राहिली आणि ट्वाइनने तक्रार केली नाही, तर अट गुपचूप ‘नाही’ धरून पुढे जाते. मग एक शेवट कधीच का येत नाही ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

मागे जाण्याचे बाण बंद करा. शुगरक्यूबच्या बाजूच्या पट्टीत ते आपोआप येतात आणि सेटिंगमधून काढता येतात. निवड परत घेता आली तर नॉयरचा कणाच मोडतो. ‘पुन्हा सुरुवातीपासून’ ही लिंक प्रत्येक शेवटानंतर ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ब्राउझरमध्ये वापरत असाल तर ट्वाइन तुमची कथा ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतं. ब्राउझिंग डेटा साफ केला की कथाही जाते. कॉलेजच्या संगणकावर तर ती दुसऱ्या दिवशी असेलच याची खात्री नाही. रोज काम संपवताना अर्काइव्हची, म्हणजे तुमच्या कथांच्या प्रतीची, फाइल उतरवून घ्या आणि तिच्या नावात तारीख घाला.

मराठी निवेदनाची हत्यारं

नॉयरचं निवेदन बहुतेक वेळा प्रथमपुरुषी आणि घडून गेल्यावरचं असतं. सांगणाऱ्याला शेवट माहीत असतो, तो वाचकाला हळूहळू कळतो. इथे इंग्रजी कथांतली वाक्यं डोक्यात घोळवत बसू नका. मराठीत या कामाला लागणारी स्वतःची साधनं आहेत, आणि ती फार धारदार आहेत.

जबाबदारी झटकणारं वाक्य हे त्यातलं पहिलं. हे तीन प्रकार शेजारी ठेवून बघा:

मी फुटेज पुसलं.
माझ्याकडून फुटेज पुसलं गेलं.
फुटेज पुसलं गेलं होतं.

घटना एकच. पहिल्यात ती कबूल करते, दुसऱ्यात सारवासारव करते, तिसऱ्यात स्वतःला खोलीतूनच बाहेर काढते. कथेची सुरुवात तिसऱ्या वाक्याने करा. चौकशीच्या खोलीत ती दुसऱ्यावर येऊ द्या. पहिलं वाक्य फक्त एका शेवटात येऊ द्या, जिथे ती प्रत देऊन टाकते. एकदाही ‘मला अपराधी वाटत होतं’ असं न म्हणता तिचा सगळा प्रवास या तीन वाक्यांत उमटतो. मात्र मधल्या पॅसेजमध्ये चुकून ‘मी पुसलं’ आलं तर ही रचना कोसळते. म्हणून सगळं लिहून झाल्यावर ‘पुस’ हा तुकडा शोधा आणि प्रत्येक वाक्य तपासा.

दुसरं हत्यार संबोधनाचं. चौकशी अधिकारी “बसा मॅडम, चहा घेणार का?” अशी सुरुवात करतो. चार प्रश्न ‘तुम्ही’मध्ये जातात. पाचवा येतो: “तू त्या वेळी खुर्चीत होतीस का नव्हतीस?” आवाज चढला, टेबलावर हात आपटला, असं काहीही लिहायची गरज उरत नाही. सहकाऱ्याचं उलटं करा. तो कायम ‘तू’ म्हणणारा, एका फोनवर अचानक “तुम्ही काय ते ठरवा” म्हणतो. शेजारी कोणीतरी ऐकतंय, हे वाचकाला कळतं. हा बदल कथेत दोनदाच करा. जास्त वेळा केला तर वाचकाला ती टायपिंगची चूक वाटते.

तिसरी गोष्ट, उपमा. कठोर शैलीच्या कथा उपमांसाठी प्रसिद्ध आहेत आणि नवीन लेखक प्रत्येक ओळीत एक घालतो. एका पॅसेजला एक, तीही त्या माणसाच्या कामातली. सीसीटीव्ही ऑपरेटर माणसांना चौकटीत पाहते, वेळ सेकंदांत मोजते, चेहऱ्यापेक्षा चालण्यावरून ओळखते. तिची नजर तिथूनच येऊ द्या.

संवाद मोठ्याने वाचा. नॉयरमधली माणसं विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाहीत. “किती वाजता निघालीस?” “बस नेहमीचीच होती.” असं चुकवणारं उत्तर प्रत्येक संवादात एकदा तरी आलं पाहिजे.

लिंकचे शब्दही निवेदनाचाच भाग आहेत. ‘पर्याय एक’, ‘पुढे जा’ असं लिहू नका. तिच्याच आवाजात, तीन-चार शब्दांत कृती लिहा: ‘रजिस्टर परत जागेवर ठेवते’, ‘फोन वाजू देते’.

देवनागरी पडद्यावर टिकली पाहिजे

काळ्या पार्श्वभूमीवर शुभ्र पांढरी अक्षरं डोळ्यांना टोचतात. मजकूर किंचित राखाडी आणि पार्श्वभूमी पूर्ण काळ्याऐवजी काळपट ठेवा. मुक्ता किंवा नोटो सेरिफ देवनागरी हे मोफत फाँट लांब मजकुराला चांगले. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट हवं. त्याहून कमी ठेवलं तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी शीर्षकांना ते शोभतं, देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. पानाची भाषा मराठी अशी नोंदवा. काही फाँट त्यावरूनच ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं दाखवतात.

टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटवण्याचा मोह नॉयरमध्ये हमखास होतो. तयार स्क्रिप्ट बहुधा एकेक चिन्ह टाकतात, आणि मराठीत ‘स्थिती’ उमटताना आधी ‘स’, मग पाय मोडका ‘स्’, मग ‘स्थ’, मग वेलांटी उडी मारून मागे, असं नाचायला लागतं. अधूनमधून ठिपक्यांचं वर्तुळही चमकतं. हा परिणाम हवाच असेल तर शब्दाशब्दाने किंवा वाक्यावाक्याने उमटवा. वाक्यावाक्याने जास्त चांगलं, कारण वाचकाचा वेगही राखला जातो.

पाच-सहा छायाचित्रं, एक दिवा

प्रत्येक पॅसेजला चित्र नको. १९ पॅसेजला सहा पुरे: कक्ष, रजिस्टर, चौकशीची खुर्ची, पहारेकऱ्याचं दार, आणि शेवटासाठी दोन. चेहरा शक्यतो टाळा. हात, पाठ, सावली यांनी काम भागतं आणि परवानगीचा प्रश्नही कमी होतो. चेहरा ओळखू येत असेल तर त्या व्यक्तीची संमती आधी घ्या.

खोलीतले सगळे दिवे बंद करा, पडदे ओढा. एकच छोटा, उघडा प्रकाशस्रोत घ्या. एलईडी टॉर्च किंवा दुसऱ्या फोनचा फ्लॅश चालतो. स्रोत जितका लहान, सावलीची कड तितकी तीक्ष्ण. तो वस्तूच्या बाजूला, थोडा वर ठेवा. कॅमेऱ्याच्या जवळून, समोरून प्रकाश टाकला की सगळं सपाट होतं.

पट्ट्यांची सावली हवी असेल तर पुठ्ठ्यात दोन सेंटिमीटर रुंदीच्या खाचा, मध्ये दोन सेंटिमीटर पुठ्ठा ठेवून कापा. टॉर्च दीड-दोन मीटरवर आणि पुठ्ठा वस्तूपासून ३० ते ५० सेंटिमीटरवर धरा. पुठ्ठा टॉर्चजवळ नेला की पट्ट्या मोठ्या आणि धूसर होतात, वस्तूजवळ आणला की बारीक आणि ठसठशीत. तापणारा बल्ब असेल तर पुठ्ठा त्याच्याजवळ अजिबात नको. एलईडीच वापरा.

आता फोन. नाइट मोड आणि एचडीआर दोन्ही बंद करा. त्यांचं कामच अंधार उजळवणं आहे, आणि आपली सगळी मेहनत तो अंधार मिळवण्याची आहे. उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ येणार ते) लॉक करा, मग एक्स्पोजर एक ते दीड पायरी खाली ओढा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ४०० च्या आत ठेवा. फोन टेकवून ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर बटण दाबतानाच चित्र हलतं.

कृष्णधवल करताना नुसतं रंग काढून टाकणारं बटण वापरू नका. लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण बदलता येईल असं साधन घ्या. लाल वाढवला की त्वचा उजळते, निळा वाढवला की ती काळवंडते आणि डाग उठून दिसतात. भिंतीवरच्या गडद छटा जेपीजीमध्ये पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसायला लागतात. निर्यात करण्यापूर्वी बारीक रवाळपणा मिसळला की त्या मोडतात. शेवटची रुंदी १२८० पिक्सेल, दर्जा ८० टक्के, फाइल ३०० केबीच्या आत. मग फोनचा ब्राइटनेस निम्मा करून बघा. काहीच दिसत नसेल तर एवढा अंधार चालणार नाही. एक तरी उजळ कड राहिली पाहिजे.

प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर लिहा. दृष्टिबाधित वाचकालाही कथा पूर्ण मिळाली पाहिजे, आणि चित्रात एखादा धागा लपवला असेल तर तो त्या मजकुरातही तितकाच, म्हणजे न ठळक करता, असला पाहिजे.

आवाज: कमी, पण नेमका

पावसाच्या ध्वनिफितीचा हट्ट धरू नका. मुसळधार पावसाचा आवाज सगळ्या कंपनसंख्यांत पसरलेला असतो, त्यामुळे फोनच्या छोट्या स्पीकरवर तो नुसती खरखर वाटते. पाऊस हवाच असेल तर पत्र्यावर किंवा पन्हळीत पडणारे वेगवेगळे थेंब वापरा. गूढ वाटावी म्हणून लावलेली खोल घरघरही फोनवर गायब होते, कारण ते स्पीकर साधारण २०० हर्ट्‌झच्या खाली जवळजवळ काही वाजवत नाहीत. आपल्या कक्षाला पंख्याची कुरकूर, मॉनिटरची गुणगुण आणि दूरचं फाटक एवढं पुष्कळ आहे.

निवेदन ध्वनिमुद्रित करायचं असेल तर कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसा, फोन विमान मोडवर टाका, तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, थोडा बाजूला ठेवा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचा धक्का बसतो. बोलायला लागण्याआधी तीस सेकंद गप्प राहून खोलीची शांतता मुद्रित करा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट कमी करताना तोच नमुना लागतो, आणि दोन वाक्यं जोडताना मधली फट भरायलाही. गोंगाट ६ ते १२ डेसिबलपेक्षा जास्त काढू नका, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. शेवटी पातळी सरासरी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचं एकक), शिखर उणे १ डेसिबलच्या खाली. पार्श्वध्वनी निवेदनापेक्षा १८ ते २० डेसिबल खाली.

वाचकाने काही क्लिक करेपर्यंत ब्राउझर आवाज आपोआप वाजू देत नाहीत. पहिल्या पॅसेजवर आवाज लावून तो येत नाही म्हणून हैराण होऊ नका. आधी फक्त शीर्षक आणि ‘सुरू करा’ची लिंक असलेला एक पॅसेज ठेवा. आवाज बंद करण्याचं बटण कायम दिसलं पाहिजे, आणि कथेतला एकही दुवा फक्त आवाजातच असू नये.

संगीत घेताना परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (कर्त्याने काही अटींवर सर्वांना वापरू दिलेल्या) परवान्यात ‘एनडी’ असेल तर ती रचना बदलून वाटता येत नाही. चलचित्रासोबत जुळवलेलं संगीत हे बदलच मानलं जातं, त्यामुळे कथेचा व्हिडिओ करणार असाल तर ‘एनडी’ टाळाच. ‘बीवाय’ असेल तर श्रेय द्यावंच लागतं. जुनी सुरावट मुक्त असली तरी तिचं विशिष्ट ध्वनिमुद्रण मुक्त असेलच असं नाही. डाउनलोड करतानाच फाइलचं नाव, कर्ता आणि परवाना एका यादीत लिहून ठेवा. महिन्याभराने ते शोधणं अशक्य होतं.

चाचणी आणि हवाली करणं

तीन जणांना कथा द्या, आणि ते वाचत असताना गप्प बसा. कुठे थांबले, कुठे दोन लिंकवर बोट फिरलं, कुठे न वाचताच क्लिक केलं, एवढंच टिपा. नंतर दोन प्रश्न विचारा: तिने प्रत का ठेवली, किंवा का ठेवली नाही? आणि पहारेकऱ्याच्या दारात तुम्ही काय निवडलंत, ते का? दुसऱ्याचं उत्तर ‘असंच’ आलं तर त्या दोन पर्यायांमध्ये खरा पेच नाही. दार उघडण्याआधीचा पॅसेज पुन्हा लिहा. दारात पहारेकऱ्याची मुलगी उभी आहे, आणि तिला वाटतंय की ही बाई मदत करायला आली आहे. एवढं घातल्यावर उत्तरं बदलतात की नाही ते नव्या वाचकावर तपासा. त्याच तिघांवर नको, त्यांना पुढचं माहीत आहे.

स्वतः मात्र सगळ्या वाटा चाला. ३ × २ × २ म्हणजे १२ वाटा होतात. कागदावर तक्ता करा आणि प्रत्येक वाटेपुढे कोणता शेवट यायला हवा आणि कोणता आला ते लिहा. प्रत न ठेवलेल्या वाटेवर ती प्रत देऊन टाकतेय, ही या प्रकारातली सर्वांत ठरलेली चूक आहे.

पब्लिश केल्यावर मिळणाऱ्या एचटीएमएल फाइलमध्ये तुमची चित्रं आणि आवाज आपोआप शिरत नाहीत. एक फोल्डर करा, त्यात ती फाइल आणि चित्रं व आवाज यांचे दोन उपफोल्डर ठेवा, आणि कथेत पत्ता त्या फोल्डरपासूनचा लिहा. तुमच्या संगणकावरचा पूर्ण पत्ता लिहिला तर दुसरीकडे सगळ्या चौकटी रिकाम्या दिसतील. ब्राउझरमधल्या ट्वाइनमध्ये चाचणी करताना ही चित्रं दिसत नाहीत, त्यासाठी पब्लिश केलेली फाइलच उघडावी लागते. फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळी जागा न ठेवता द्या. नावात कुठे मोठं अक्षर राहिलं तर विंडोज ते चालवून घेतं, बहुतेक सर्व्हर नाही, आणि घरी दिसणारं चित्र वर्गात दिसत नाही.

फोल्डरची झिप करा, श्रेयांची यादी आत टाका, आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर उघडून आवाजासकट एक वाट पूर्ण चाला. मग सर्व्हरवर चढवून तीच वाट फोनवर, इयरफोन न लावता, पुन्हा एकदा.